सगळ्यात खालची ट्रॉली आधी बंद करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूल रांगायला लागलं की घरात ‘बेबी लॉक’चं पाकीट येतं. दहा-बारा पट्टे ट्रॉल्यांना चिकटतात आणि पंधरा-वीस दिवसांत त्यातले निम्मे एका टोकाला लोंबकळायला लागतात. यात आई-बाबांची काही चूक नसते. ही कुलपं लाकडी खोक्यांच्या स्वयंपाकघराचा विचार करून बनवलेली असतात. आपल्याकडे मात्र असंख्य घरांत ग्रॅनाइटचा ओटा, त्याखाली कडप्प्याचे खण आणि त्या खणांत सरकणाऱ्या स्टीलच्या ट्रॉल्या असतात. कोणत्या ट्रॉलीला कोणतं कुलूप धरतं, कोणती आधी बंद करायची आणि कुठे किल्लीचं कुलूप अजिबात लावायचं नाही, हे घरच्यांना कुणी सांगत नाही. आम्ही पत्र लिहिणारे दोन वेगळ्या कामांतले आहोत: काही जण ट्रॉल्या आणि फर्निचर बसवतो, काही जणी बालरुग्णांच्या वॉर्डात परिचारिका आहोत. हे सांगणं आमचंच काम आहे असं आम्हांला वाटतं.

आधी उंचीचा हिशोब. वर्षाचं मूल साधारण 75 सेंमी उंच असतं, दोन वर्षांचं 86-87 सेंमी. आपला ओटा 32 ते 34 इंच, म्हणजे 81 ते 86 सेंमी. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं ओट्याच्या कडेला लागतं आणि हात वर केला की मीटरभर उंचीपर्यंतचं सगळं त्याच्या टप्प्यात येतं. ओट्याखालची पहिली ट्रॉली बहुतेक ठिकाणी कटलरीची असते. सुऱ्या, सोलाणं, किसणी, कात्री सगळं तिच्यात, आणि ती येते नेमकी वर्षाच्या मुलाच्या डोळ्यांसमोर. सुऱ्या तिथून हलवून वरच्या शटरमध्ये, म्हणजे दाराच्या कपाटात, पाच फुटांच्या वर न्याव्यात. त्या जागी डाव-पळ्या, लाटणं ठेवावं. घडीची विळी बऱ्याच घरी खालच्या ट्रॉलीत आडवी ठेवलेली असते. तिचं पातं घडी घातल्यावरही एका बाजूने उघडं राहतं. तिची जागाही वरच.

तरीही पहिलं कुलूप कटलरीला लावू नका. ते सगळ्यात खालच्या ट्रॉलीला लावा, तिच्यात नुसते रिकामे डबे असले तरी. टेलिस्कोपिक चॅनेलची, म्हणजे एकातून एक सरकणाऱ्या पट्ट्यांवरची ट्रॉली 18-20 इंच पूर्ण बाहेर येते, आणि चांगल्या चॅनेलची जोडी 35 ते 45 किलो वजन सहज पेलते. दहा-बारा किलोचं मूल तिच्या काठावर उभं राहिलं तरी ती वाकत नाही, हलतसुद्धा नाही. खालची ट्रॉली ही पहिली पायरी, मधली ही दुसरी, आणि तिसऱ्या पावलाला मूल ओट्यावर, शेगडीच्या शेजारी. खालची बंद राहिली की मधल्या ट्रॉलीचा काठ मुलाच्या छातीशी येतो आणि चढणं अवघड होतं. घरात चारच कुलपं लावायची असतील तर आमचा क्रम असा: शेगडीजवळच्या उभ्या रांगेतली सगळ्यात खालची ट्रॉली, सिंकखालचं कपाट, औषधांचा खण, मग कटलरी.

मुलाला स्वयंपाकघरात एक हक्काची जागा द्यावी, हेही खरं आहे. सगळंच बंद असलं की मूल प्रत्येक दाराशी झटत राहतं आणि कुलपं लवकर ढिली होतात. पण ती जागा ट्रॉलीची नको. शेगडीपासून लांबच्या टोकाचं, शटरचं खालचं कपाट निवडा आणि त्यात स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे, लाकडी पळी ठेवा. शटर बाजूला उघडतं, त्याची पायरी होत नाही.

आता कुलपांबद्दल थोडं सविस्तर.

सगळ्यात जास्त मिळतो तो आतल्या बाजूने स्क्रूने बसणारा प्लास्टिकचा स्प्रिंग हुक. ट्रॉली दोन-अडीच सेंमी उघडते, हुक अडकतो, मग बोट घालून तो दाबायचा. शटरच्या कपाटाला हा चालतो. जड प्लेट ट्रॉलीला तो आम्ही बसवत नाही, कारण त्या दोन सेंमीच्या फटीत मुलाची बोटं जातात आणि दुसऱ्या हाताने मूल तीच ट्रॉली आत ढकलतं. सॉफ्ट-क्लोज चॅनेलवर आणखी एक अडचण येते. शेवटचे चार-पाच सेंमी ट्रॉली चॅनेलच्या ओढीने आपोआप आत जाते, पण ती ओढ हलकी असते आणि हुकाची जीभ दाबण्यातच खर्च होते. ट्रॉली बंद झाल्यासारखी दिसते, खरं तर सेंटिमीटरभर बाहेर असते आणि हुक अडकलेलाच नसतो. अशा वेळी हुक ज्यात अडकतो ती पट्टी दोन-तीन मिमी पुढे-मागे करून बघावी, आणि ट्रॉली दर वेळी हाताने ‘टक’ आवाज येईपर्यंत ढकलायची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी. दाबून उघडणाऱ्या, हँडल नसलेल्या ट्रॉल्यांना हा हुक लावूच नये. त्या उघडायला आधी काही मिमी आत दाबाव्या लागतात आणि हुक त्या हालचालीच्या आड येतो.

चुंबकी कुलूप आमच्या मते सगळ्यांत भरवशाचं. जीभ आत असते, बाहेर काहीच दिसत नाही, आणि चुंबकाची किल्ली शटरवर धरली की जीभ सुटते. 18 मिमी प्लाय आणि दोन्ही बाजूंनी लॅमिनेट, अशा 20 मिमी जाडीतून ते नीट चालतं. नक्षीच्या, 30 मिमीच्या पुढच्या लाकडी शटरला घेण्याआधी किल्ली दुकानातच तेवढ्या जाडीवर धरून बघावी. ट्रॉलीचं तोंड पत्र्याचं असेल तर फ्रिजवरचा साधा चुंबक त्याला लावून बघा. चिकटला, तर हे कुलूप घेऊ नका: पत्रा चुंबकाचा जोर स्वतःतच मुरवतो आणि किल्ली आतल्या जिभेपर्यंत पोचत नाही. चिकटला नाही, तर चालेल. अॅल्युमिनियमच्या पट्टीची अडचण नसते.

जागा चुकली तर चांगलं कुलूपही वाया जातं. शटरला बिजागरी ज्या बाजूला असते, त्याच्या समोरच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यापासून तीन ते पाच सेंमीवर कुलूप हवं. मधोमध बसवलं तर कोपरा लवतो आणि तिथून बोटं आत जातात. या कुलपांसोबत चिकटपट्टी आणि स्क्रू दोन्ही येतात. चिकटपट्टीने फक्त जागा ठरवा, दोन-चार वेळा उघडझाप करून बघा आणि मग स्क्रू मारा. 18 मिमीच्या शटरला 12-13 मिमीचा स्क्रू पुरे. हाताला लागेल तो एक इंची मारला की टोक बाहेरच्या लॅमिनेटमधून डोकावतं, तेही मुलाच्या गालाच्या उंचीवर. स्क्रूसाठी भोक पाडताना ड्रिलच्या 2 मिमीच्या बिटला टोकापासून 10 मिमीवर टेप गुंडाळावी, टेप लाकडाला टेकली की थांबावं. पार्टिकल बोर्ड असेल तर शेवटचे आटे हाताने फिरवा, ड्रिलने आवळलं की भुगा होऊन स्क्रू नुसता फिरत राहतो. तसं झालंच तर त्या भोकात फेविकॉल लावलेली काडेपेटीची काडी घालून, वाळल्यावर परत स्क्रू मारावा.

कडप्प्याच्या खणाचं काय? इथेच बहुतेक जण हात टेकतात, कारण हुक अडकायला समोर लाकूडच नसतं. कडप्प्याला ओट्याच्या कडेजवळ भोक पाडायला गेलं की तो तडकू शकतो, विशेषतः जुना आणि पातळ असेल तर. आम्ही 19 मिमी प्लायची 40 मिमी रुंद पट्टी कापून ती दोन नळ्यांच्या इपॉक्सी गोंदाने खणाच्या आतल्या बाजूला, तोंडाजवळ चिकटवतो. दगड आधी खरखरीत पॉलिश पेपरने घासायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा. पट्टी लावल्यावर तिला टेकू देऊन 24 तास हात लावायचा नाही. मग हुक असो वा चुंबकी कुलूप, त्याचा अडकणारा भाग या पट्टीवर स्क्रूने बसतो. पट्टीची पुढची कड ट्रॉलीच्या तोंडाच्या आतल्या बाजूपासून 2-3 मिमी मागे हवी, नाहीतर ट्रॉली पूर्ण बंद होणार नाही. एवढं काम केलं की बाजारातलं कुठलंही स्क्रूचं कुलूप आपल्या ओट्याला बसतं.

चिकटणारे पट्टे अगदी टाकाऊ नाहीत. फ्रिज, ओव्हन, वॉशिंग मशीन, काचेचं शटर इथे तेच उपयोगी. पण फोडणीच्या वाफेचा पातळ तेलकट थर शेगडीपासून चार-पाच फुटांपर्यंत सगळ्यावर बसलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, चिकटपट्टीला मात्र तोच सोडवतो. भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, मग कोरडं फडकं, मग कापसावर सर्जिकल स्पिरिट, आणि ते उडून गेल्यावर पट्टा. अर्धा मिनिट अंगठ्याने दाबून धरायचा आणि 24 तास उघडझाप बंद ठेवायची. घाईने लगेच ओढून बघितलेला पट्टा हमखास सुटतो. खरखरीत सुएड लॅमिनेटवर तो धरतच नाही. पट्टा ताणून लावा. सैल पट्ट्यातून उघडलेल्या फटीत हात जाऊन अडकतो. पुढे काढताना हेअर ड्रायरने गरम करून मागून नायलॉनचा दोरा फिरवला की लॅमिनेट उखडत नाही.

औषधांच्या खणाला मात्र किल्लीचं मल्टिपर्पज लॉकच हवं, जे आपण टेबलाच्या खणाला लावतो ते. नळीची जाडी मोजून तेवढंच भोक, साधारण 19-20 मिमी, होल-सॉने, म्हणजे गोल भोकाच्या करवतीने पाडावं. किल्ली कुलपात ठेवायची नाही. ती मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर बाहेर आलेली असते आणि तीन वर्षांचं मूल ती फिरवतंही. दाराच्या चौकटीला पाच फुटांच्या वर एक खिळा, किल्लीची जागा ती.

औषधांबद्दल एवढा आग्रह का, ते आमच्यातल्या परिचारिकांच्या शब्दांत. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. ती औषधासारखी नाही, खायच्या गोड गोळीसारखी दिसते. दहा किलोच्या मुलाने अशा दहा गोळ्या खाल्ल्या तर वजनाच्या दर किलोमागे 60 मिलिग्रॅम होतात, आणि तिथून जिवावरचा धोका सुरू होतो. घरात लहान भावंड नुकतंच जन्मलेलं असतं आणि मोठं दीड-दोन वर्षांचं, म्हणजे या गोळ्या आणि हे वय नेमकं एकत्र येतं. आजी-आजोबांच्या मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांपैकी एकच गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, तीही काही तासांनी. तेव्हा उशाखालची पट्टी, टीव्हीजवळचा गोळ्यांचा डबा आणि आजीची पर्ससुद्धा ‘औषधांचा खण’ समजावी.

देवघराच्या खणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यात काडेपेटी असते आणि कापूर असतो. पांढरी, खडीसाखरेसारखी वडी मूल सरळ तोंडात घालतं. थोडा कापूर पोटात गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कपड्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या तशाच: काही मुलांच्या रक्तात एका एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी फुटू लागतात. पानाच्या डब्यातला चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. हे सगळं मांडणीवर, पाच फुटांच्या वर ठेवावं. रिमोट, घड्याळ, वजनकाटा यांतल्या बटणाएवढ्या बॅटऱ्या, विशेषतः 20 मिमीची लिथियमची, अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात करते. ‘काय-काय पडलेलं असतं त्यात’ असा एक खण प्रत्येक घरात असतो. जुन्या बॅटऱ्या त्यातच सापडतात.

सिंकखालच्या कपाटात नळीचा तुंबा काढायचं कॉस्टिक, संडास साफ करायचं अॅसिड आणि फिनाईल असतं. तिथे कुलूप हवंच, पण बाटल्या मुळात तिथून वर नेणं जास्त चांगलं. इथे आमच्या व्यवसायबंधूंना कळकळीची विनंती आहे. पॉलिशचं काम संपल्यावर उरलेलं थिनर किंवा टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत भरून सिंकखाली ठेवून जाऊ नका. ते पाण्यासारखंच दिसतं. मूल ते पाणी समजून पितं, आणि ठसका लागून ते फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो.

तरी काही पोटात गेलंच तर उलटी करवू नये, मिठाचं पाणी पाजू नये. बाटली किंवा गोळ्यांची रिकामी पट्टी बरोबर घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठावं, रुग्णवाहिकेसाठी 108. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800-116-117 हा क्रमांक फ्रिजच्या दारावर लिहून ठेवावा. बॅटरी गिळल्याचा नुसता संशय असला, मूल हसत-खेळत असलं, तरी लगेच एक्स-रे हवा. बॅटरी गिळलेल्या, वर्षावरच्या मुलाला वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, पण त्यासाठी निघायला उशीर करू नये. चुना डोळ्यात गेला तर निघण्याआधी किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा वाहत्या पाण्याखाली धरावा.

एका दाराला किल्लीचं कुलूप नको म्हणतो ते म्हणजे सिलिंडरच्या कपाटाचं. गळतीचा वास आला की रेग्युलेटर त्या क्षणी बंद करता आला पाहिजे. तिथे वरच्या कोपऱ्यात, मोठ्या माणसाला एका हाताने उघडेल असा हुक पुरे. शटरच्या खालच्या भागाला जाळी असायलाच हवी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. मुलाचा हात जातो म्हणून जाळी पुठ्ठ्याने बंद केलेली घरं आहेत. तसं करू नका. बारीक छिद्रांचा पत्रा मारा.

स्वयंपाकघराबाहेर खणांचं उंच कपाट, शू-रॅक आणि टीव्ही युनिट यांना कुलपापेक्षा भिंत महत्त्वाची. 2016 साली आयकिया या फर्निचर कंपनीने अमेरिकेत 2 कोटी 90 लाख खणांची कपाटं परत बोलावली, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून मुलं दगावली होती. दोन-तीन खण एकदम उघडले की सगळं वजन पुढे येतं, आणि वर मूल लोंबकळलं की कपाट कलंडतं. वरच्या फळीला दोन्ही टोकांशी भिंतीला धरणारे दोन एल-अँगल (काटकोनी पट्ट्या) मारावेत. मागच्या 4-6 मिमीच्या प्लायला मारलेला स्क्रू उपटून येतो. भिंतीतली गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) गिलाव्यातच न राहता विटेत शिरली पाहिजे: गिलावा 12-15 मिमीचा असतो, म्हणून भोक किमान 50 मिमी. नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी सैल होते, त्यासाठीची वेगळी गिट्टी मिळते.

जुन्या ट्रॉल्यांचं एक. खणाच्या तळाशी बारीक स्टीलचे छर्रे दिसले तर चॅनेलचं बेअरिंग फुटलंय. ट्रॉली कधीही सुटून पायावर येऊ शकते आणि ते छर्रे मूल तोंडात घालतं. चॅनेलची जोडी बदलावी, छर्रे वेचून टाकावेत.

कुलूप बसल्यावर जमिनीवर मांडी घालून मुलाच्या उंचीवरून दोन्ही हातांनी दहा वेळा झटके देऊन बघा. महिन्यातून एकदा हेच करा आणि स्क्रू आवळा. अडीच-तीन वर्षांचं मूल बघून-बघून स्प्रिंग हुक उघडायला शिकतं, तेव्हा चुंबकी कुलूप लावायची वेळ झाली समजा.

नवीन ओटा किंवा ट्रॉल्या करून घेणाऱ्यांनी कोटेशन घेतानाच दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रत्येक खणाच्या तोंडाशी कुलपासाठी प्लायची पट्टी आणि खालच्या ट्रॉल्यांना चुंबकी कुलूप. खण रिकामा असताना पट्टी बसवायला पाच-दहा मिनिटं लागतात. ट्रॉल्या भरल्यावर तेच काम करायला सगळं बाहेर काढावं लागतं, म्हणून ते राहून जातं.

आपले,
ट्रॉली-फर्निचर कारागीर आणि बालरुग्ण विभागातील परिचारिका,
पुणे